फायनलशेठ

ऑफिसात त्यांना सगळे फायनलशेठ म्हणतात. माझे ते भावोजी, ताईचे यजमान. आमची टेबलं शेजारीशेजारी, हे माझं नशीब. कुठलीही फाइल केली की तिचं नाव 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल खरी'. यातलं एकही धड निघालेलं मी पाहिलेलं नाही. पण तोरा असा, जणू कॉम्प्युटर यांच्याच तीर्थरूपांनी शोधला!

यंदा नर्सच्या बदल्यांचं काम त्यांनी मागून घेतलं. प्रत्येक हॉस्पिटलनं आपापली एक्सेल फाइल पाठवली होती. त्या सगळ्या एका वर्कबुकात आणायच्या आणि त्यावरून साहेब बदल्या करणार. त्यात ताईही होती. ती लांबच्या हॉस्पिटलात नर्स, आणि लेक इथे आमच्या आईकडे. ताई सुट्टीला आली की पोरगी तिला बाथरूमलाही एकटी सोडत नाही. ताईला यंदा इकडे यायचंच होतं.

भावोजींनी काय करावं? एक फाइल उघडायची, सगळं उचलायचं, खाली चिकटवायचं, की पुढची.

मी म्हटलं, "भावोजी, रकाने सगळीकडे एकाच क्रमाने आहेत का बघा ना. कुणी आधी सध्याचं ठिकाण लिहिलं असेल, कुणी आधी हवं असलेलं."

"मेव्हणीबाई, तू शाळेत होतीस तेव्हापासून हे करतोय मी!" असं म्हणून त्यांनी खालच्या फाइलींची हेडिंगं कचरा म्हणून उडवली. सगळ्यात वर मात्र ठळक अक्षरांत 'संकलन' लिहून स्वतःचं नाव घातलं, आणि मला कौतुकानं दाखवलं. शी!

आदेश आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे आईकडे होतो. पोरीनं ताईच्या कपड्यांसाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. ताई फोनवर होती. तिनं वाचलं, "विनंती मान्य." पोरगी नाचायला लागली.

मग ताईनं ठिकाण वाचलं. ती आहे तेच हॉस्पिटल. तिच्या हॉस्पिटलच्या फाइलीत हवं असलेलं ठिकाण आधी होतं, सध्याचं नंतर. त्यामुळे साहेबांच्या लेखी ताई इथे होती आणि तिला तिथे जायचं होतं. तिच्याबरोबरच्या सगळ्या नर्सचं हेच झालं. आणि आदेश एकदा निघाला की वर्षभर कुणी हात लावत नाही.

"कोण गाढव बसलंय तिथे!" भावोजी कडाडले. "उद्या बघतोच त्याला."

"शोधायला कशाला जाताय?" मी म्हटलं. "नाव आहे की वर. ठळक अक्षरांत."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला काडीची दया आली नाही. पोरगी उठली आणि आपली पुस्तकं परत त्या कप्प्यात रचायला लागली.

भावोजी घसा खाकरून फोनमध्ये म्हणाले, "अगं, काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी मी जातीनं लक्ष घालतो."

पलीकडून ताई म्हणाली, "नको. तेवढं मात्र करू नका."