कारणाचा मुद्दा

सबंध झाशीत आमच्या आतेभावाइतका मुद्देसूद माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतका मुद्दा दडवणाराही. सरकारी कचेरीत जावक पत्रांवर जन्म काढून हा आमचा दादा निवृत्त झाला, तेव्हा त्याची लेक मीनू नर्स म्हणून जर्मनीला जायच्या तयारीत होती. तिथल्या भाषेच्या परीक्षेत एक ईमेल लिहावा लागतो: मैत्रिणीच्या पार्टीला येता येत नाही; क्षमा मागा, कारण द्या, दुसरा दिवस सुचवा. "जर्मन तिची, ढाचा माझा," म्हणत दादाने शिकवणी हाती घेतली आणि सरावासाठी सगळ्या नातेवाइकांना वेठीला धरलं. आज लक्ष्मी तालावर, म्हणजे इथल्या तळ्यावर, फिरायला येत नाही, असं एकदा मी फोनवर सांगितलं, तर "भैया, मेल करो," म्हणून त्याने फोन ठेवला. मी लिहिलं, "कंटाळा आलाय." दहापैकी दोन मिळाले, तेही नाव बरोबर लिहिल्याबद्दल. वर समज मिळाली, "तीन मुद्दे विचारले की तीन द्यायचे. एक गाळलास की तपासणारा आधी तिथंच बोट ठेवतो."

मीनूच्या सरावात मात्र तो स्वतःच अडला. तिने कारण लिहिलं, ताप आला. दादाने ते लाल शाईने खोडलं. आमच्या घराण्याची ही जुनी खोड, विषमज्वराने तीन खाटा भरल्या असल्या तरी पुण्याच्या नातेवाइकांना कार्ड जायचं, "इकडील सर्व कुशल."

"लांबच्या माणसाला आजारपण कळवायचं नाही. तो तिथं बसून काय करणार, झुरणार?"

"बाबा, मार्क जातील ना!"

"बरं, परीक्षेपुरतं लिही."

ती पास झाली आणि गेली. दादा तिचे मेल छापून घ्यायचा आणि लाल पेन घेऊन एकटाच वाचत बसायचा. यंदा तिने त्याला तिकडे बोलावलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दादाच्या पोटात गाठ सापडली. लक्षण चांगलं नाही म्हणाले. दादाने मला शपथ घातली आणि लेकीला उत्तर लिहिलं: क्षमा कर, पुढच्या उन्हाळ्यात बघू, इकडील सर्व कुशल.

काल मीनूचा मला फोन. "काका, बाबांच्या मेलमध्ये दोनच मुद्दे आहेत. कारण कुठाय?"

"अगं, सगळं ठीक आहे."

ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला शून्य."

आज सकाळपासून तिला मेल लिहायला बसलोय. क्षमा मागून झाली. तिने निघून यावं असा दिवसही सुचवलाय, जवळचाच. मधली ओळ तेवढी रिकामी आहे. आणि खाली रस्त्यावरून दादा हाका मारतोय, "भैया, तालावर येतोस, की मेल करतोस?"