दुपारचे आकडे

मी भित्रा माणूस आहे, हे मला सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या कारखान्यात कळलं. त्याआधी मी स्वतःला नुसता सावध समजत होतो.

आम्ही कोळशाच्या खाणींसाठी हायड्रॉलिक टेकू बनवत असू. खाली छत अंगावर येऊ नये म्हणून उभे करतात ते. प्रत्येक लॉटमधला एक टेकू सकाळी दाबाखाली ठेवायचा, दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाला काटा बघून आकडा लिहायचा, आणि शेवटी माझी सही. काटा कधी हलत नसे. म्हणून जेवायला जाण्याआधीच मी तीनपर्यंतचे आकडे भरून टाकी. कॅन्टीनमधली गोड डाळ थंड झाली की खाववत नाही; माझ्यासारख्या जळगावच्या माणसाला ती गरमही कशीबशीच जाते.

त्या दिवशी माल बघायला विदर्भातल्या एका खाणीतून वयस्कर मिस्त्री आले होते. त्यांनी चष्मा लावून माझा तक्ता वाचला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, आता तं साडेबारा झाले. तीनचा आकडा कुठून आणला जी?"

"काका, तो... तसाच येतो नेहमी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि काट्यासमोर बसले. मीही बसलो. जेवण राहून गेलं. दोनपर्यंत काही झालं नाही, तेव्हा मनातल्या मनात मी जरा शेर झालो. सव्वादोनला काटा हलला. आधी केसभर, मग सावकाश खाली, खाली. तीनला तो लाल खुणेच्याही खाली होता. टेकू दाब धरत नव्हता.

"मागचा लॉट बी तुमच्याच सहीचा होता न?"

"हो."

"त्याचे आकडे?"

"तेही असेच, काका."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "तो माल तं खाली उभा हाये. पहिल्या पाळीचे लोक आता त्याच्याखालीच असतीन." त्यांनी खाणीच्या ऑफिसला फोन लावला आणि रिंग जात असतानाच तो माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा."

फोन परत द्यावा, पळून जावं, असं खरंच वाटलं. पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"माणसं वर काढा," मी म्हणालो, "मी आकडे न बघताच लिहिलेत."