चित्रात नसलेली झाडे

मुलांनी टेकडी जपावी म्हणून पौडच्या एका शाळेत तिचे चित्र लावले आहे. त्यात वनीकरणातली विलायती गिरिपुष्पाची झाडे काढायला चित्रकार बाई विसरल्या, असे सारे म्हणतात. साफ खोटे आहे. मी तेथे होतो.

आठवडाभर त्या बाई टेकडीच्या पायथ्याशी बसत आणि कुंचला स्वतःच्याच बाहीला पुसत. नाव मी विचारले नाही. एकदा म्हणाल्या, "आजोबा, या झाडांखाली गवतसुद्धा उगवत नाही. पूर्वी इथे काय होतं?"

मी येथे गुरे राखलेला माणूस. छाती पुढे काढून सांगू लागलो. "पवन्या गवत, सोनकी, तेरडा, वर कारवी. लई फुलायचं, बाई!"

मी सांगत होतो तसे त्या रंगवत होत्या.

"मग ही झाडं कोणी लावली?"

"म्हाईत न्हाई. भाईरचं कुनीतरी आसंल."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. तेथे वृक्षारोपणाचा फलक होता. त्यावर माझे नाव आणि झाड लावतानाचा, गळ्यात हार असलेला माझा फोटो. कुंचला बाहीला पुसून त्यांनी सोनकीचा पिवळा रंग घेतला.

चित्रात तो फलकही नाही. माझी लाज त्या परक्या बाईंनी राखली.