मिस्त्रीने झोपवलेलं इंजिन

१९७१ साल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, शेठच्या रेतीच्या ट्रकवर ड्रायव्हर. वरसाव्याला रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड होती. तिथला मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी बॉनेटवर बोटं वाजवायचा, दारावर वाजवतात तशी. कोणी हसलं तर म्हणायचा, "न विचारता कुणाच्या घरात शिरू नये."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा गुहागरकडचा, नवघरला खोली घेऊन राहायचा. बोलणं कमी आणि बोचरं. घाई करणाऱ्याला उत्तर ठरलेलं, "घाई असेल तर बैलगाडी घे."

डिझेल पंप काढावा तो त्यानेच. पंप सिलिंडरला नेमक्या क्षणी डिझेल देतो. क्षण चुकला की इंजिन ठोकतं, धूर ओकतं. म्हणून पंप सोडण्याआधी तो फॅन हाताने फिरवून इंजिन त्या क्षणाच्या खुणेवर आणायचा. तरी त्याचा विश्वास नसे, कारण ती खूण दोनदा येते आणि त्यातली एकच खरी. वरचं झाकण उघडून व्हॉल्व्ह हलवून खरी कोणती ते बघायचा. मग पाइप सोडायचा, एकेका तोंडात धुतलेल्या कापडाचा बोळा घालायचा आणि पंप तान्ह्या पोरासारखा उचलायचा. वर सगळ्यांना दम, "इंजिन झोपवलंय. कुणी उठवायचं नाही." म्हणजे पंप परत बसेपर्यंत इंजिन तसूभर फिरता कामा नये.

एकदा शेठने अशी पंप काढलेली गाडी गियरमध्येच मागे ढकलायला लावली, चाकांबरोबर इंजिनही फिरलं. मिस्त्रीने हात पुसले. जेवणाचा डबा उचलला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी येऊन पहिल्यापासून सुरू.

त्या थंडीत माझ्या गाडीचा पंप निघाला. तपासायला शहरात गेला आणि आतला एक पार्ट मिळेना म्हणून तिकडेच अडकला. त्यातच एका दुपारी मिस्त्री शेडमध्ये चहा पिता पिता छातीला हात लावून खाली बसला. तो उठलाच नाही.

तेरावा झाला आणि मग पंप आला. शेठने ठाण्याहून नवा मिस्त्री आणला. माणूस चांगला होता, उगाच खोटं का बोलू? तो म्हणाला, इतके दिवस गाडी उभी आहे, कोणी हलवलीही असेल, मी फॅन फिरवून नव्याने खूण लावतो. रीत तीच आहे. पण फॅन फिरला असता तर आमच्या मिस्त्रीच्या हातचं शेवटचं काम पुसलं गेलं असतं. इतके दिवस गाडीला मी कोणाला हात लावू दिला नव्हता. मी फॅनच्या आडवा उभा राहिलो.

"इंजिन खुणेवर हाय. पंप मी बसवतो."

"तू ड्रायव्हर. तू काय बसवणार?"

शेठ तापला. "इंजिन बिगडा तो कल से मत आना."

"न्हाय येनार," मी म्हटलं.

शाळा मी फार पाहिली नाही, पण त्याच्या बाजूला उकिडवा बसून पंप बसताना खूप पाहिले होते. पंपाची खूण इंजिनाच्या खुणेला भिडवली. बोल्ट आलटून पालटून आवळले. हातपंप मारत राहिलो, डिझेलमधले बुडबुडे संपेपर्यंत. नवा मिस्त्री लांब बिडी ओढत होता. शेवटचा पाइप मात्र त्यानेच येऊन कसून दिला.

स्टार्टर मारला. जरासा पांढरा धूर, मग साफ. ठोका एकसारखा. शेठ निघून गेला. नवा मिस्त्री कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "त्याचा हात चांगला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेती भरायला जाण्याआधी मी गाडी नवघरला नेली, मिस्त्रीच्या दाराशी उभी केली. त्याची बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. काय झालं, विचारू लागली.

"काही न्हाय, वहिनी. मिस्त्रींनी लावून ठेवलेलं इंजिन हाय. काल चालू झालं."

शेजारचा एक जण ओरडला, हा गोंगाट बंद कर. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"असू दे," ती म्हणाली. "माझ्या भाकऱ्या होईपर्यंत असू दे."

ती आत गेली. मी गाडी चालू ठेवून बसून राहिलो.