उसनी चाल

आधीच सांगून टाकते, मी या ग्रुपवर नुसती वाचायला येते, आणि तुमचे बरेचसे अनुभव वाचून मनातल्या मनात हसतेही. राग मानू नका. तीस वर्षं फिजिओथेरपी केलेली बाई मी... हाडं, स्नायू, नसा यापलीकडे माणसात काही असतं असं मला कधी वाटलं नाही. अंगात येणं, करणी, बाहेरचं-बिहेरचं असलं कुणी बोललं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. पण ही एक गोष्ट आहे, जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी ठाण्यात एका हाडांच्या डॉक्टरांकडे नोकरीला होते. त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. सरांना म्हाताऱ्या माणसांच्या चालण्याचं भारी वेड. कोण पडणार, कोण नाही हे आधीच कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कोलशेतच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअर मित्राकडून त्यांनी एक यंत्र करून घेतलं होतं. मोटर किती थरथरते हे मोजायला कारखान्यात जो सेन्सर लावतात, तो काडेपेटीएवढ्या डबीत घालून कमरेच्या पट्ट्याला बसवला होता. त्यातून एक लांबलचक वायर निघायची ती ईसीजीसारख्या मशीनला. पेशंटनं पट्टा बांधून कॉरिडॉरमध्ये दहा मीटर चालायचं, मी वायर सांभाळत मागे मागे... आणि मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर यायची. टाच जमिनीला टेकली की पट्टीवर एक टोक उठायचं. टोकं उंच आणि सारखी, तर चाल चांगली. बुटकी आणि वेडीवाकडी, तर म्हातारा पडणार.

'नॉर्मल'चा नमुना म्हणून मी पहिली पट्टी काढली ती माझ्या आईची. तेव्हा ती चौसष्टची होती. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील लवकर गेलेले, घरात मी आणि आई दोघीच. आई चालायची ती टाचा आपटत. खालचे साठेकाका वर्षातून दोनदा तरी जिना चढून वर यायचे, "वहिनी, जरा हळू चाला हो, पंखा पडेल आमचा!" उजव्या टाचेचं हाड वाढलेलं होतं, त्यामुळे पट्टीवर एक उंच टोक, एक जरा बुटकं, असं दिसायचं, पण ते शेवटपर्यंत एकाच लयीत, म्हणून सरांनी नमुना चालवून घेतला. शंभर पट्ट्यांतून मी ती ओळखली असती.

आईची अजून एक गोष्ट सांगायला हवी. तिला उसनं ठेवलेलं खपायचं नाही. शेजारून वाटीभर साखर आणली तर त्याच संध्याकाळी परत जायची, आणि वाटी कधी रिकामी जायची नाही, चार लाडवाचे तुकडे तरी वर असायचेच. "दुसऱ्याचं घरात ठेवून झोप कशी लागते गं लोकांना?" म्हणायची.

तर... त्याच सुमारास कोलशेतहून हिरूबाई आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, सत्तरीच्या पुढची, कंबर दुखते म्हणून सुनेनं आणलेली. सुनेचं नाव जना. हिरूबाईला पट्टा बांधला, चालवलं, आणि पट्टीवर टोकच नाही! नुसती लाट, खाली-वर, खाली-वर, आणि दर चार पावलांनी एक बारीकसा थांबा. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, मी शेरा लिहिला, 'चाल क्षीण, पडण्याचा धोका जास्त, काठी द्यावी.'

काठी बघून हिरूबाई अशी हसली! "मना काठी? अगो बाय, मी रोज खारीच्या चिखलान जातंय चिंबोऱ्या धरायला. तू ये, तुना दावतंय."

मी खरंच गेले खाडीवर, ती खेकडे कशी धरते ते बघायला. ओहोटीची वेळ होती. म्हातारी गुडघाभर चिखलातून अशी निघाली की मला काठावर उभं राहूनही घाम फुटला. ती टाच टेकतच नव्हती. आधी बोटं आत सरकवायची, पुढचं चाचपायची, आणि भार पडायच्या आत पाय सोडवून घ्यायची. दर चार पावलांनी पुढचा पाय क्षणभर वरच धरून अंदाज घ्यायची. "चिखलान पाय टाकायचा नाय, सोरायचा," ती ओरडून म्हणाली. "थांबली का रुतली!" जन्मभर चिखलात चाललेली बाई डांबरी रस्त्यावरही तशीच चालायची. आमच्या यंत्राला तेवढी अक्कल नव्हती, आणि मलाही नव्हती. मी शेरा खोडला. त्यानंतर ती दर मंगळवारी यायची, कंबर शेकायला आणि माझी टिंगल करायला.

आणि मग आई न्हाणीघरात पडली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. एक्स-रे बघून सरही खूश. पण आई उभी राहीना. वॉकर समोर धरला की ती पलंगाची कड सोडायचीच नाही. "पाय धरत नाही गं... खाली काही आहे असं वाटतच नाही." दोन आठवडे, चार आठवडे, सहा... पाठीला फोड यायला लागले. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "तुला मी काय सांगणार? पंधरा दिवसांत नाही उठल्या तर नाही उठायच्या. आणि मग छातीत कफ..." मीच ते वाक्य पेशंटच्या मुलांना कितीदा पूर्ण करून सांगितलं होतं.

मी वेडी झाले होते हो. जगाच्या म्हाताऱ्यांना चालवणारी मी, आणि माझी स्वतःची आई... एका दुपारी मी तिला काखेत धरून जबरदस्तीनं उभी केली. भीतीनं तिचं लुगडं ओलं झालं. आणि मी, तिच्या पोटची पोर, तिच्यावर ओरडले, "मग राहा पडून आणि मर एकदाची!" लुगडं बदलताना तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

त्या मंगळवारी हिरूबाई आली तेव्हा मला रडूच आवरेना. तिला पट्टा बांधता बांधता सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुजे आयशीला माजी चाल ने."

मला वाटलं, थट्टा करतेय. "द्या हो," मी म्हटलं, "खरंच द्या."

"ने की. उसनी ने. पन परत आन हां, मना खारीत जायाचा हाय." आणि तोंडाला पदर लावून हसली. मग कॉरिडॉरमध्ये दहा मीटर चालून दाखवलं. ती पट्टी मी फायलीत लावली नाही. घडी करून पर्समध्ये टाकली. का? माहीत नाही... बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, दुसरं काय.

घरी जाऊन ती पट्टी मी आईच्या गादीखाली सरकवली. हो, मी! ताईत बांधून येणाऱ्या पेशंटांना झापणारी मी.

शनिवारी सरांना विचारून मी मशीन घरी आणलं. आईला पलंगावर बसवून निदान तोल किती जातो ते तरी बघावं, असा विचार. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. लख्ख ऊन होतं. पट्टा बांधला, वायर जोडली, मशीन चालू केलं, तर आईला डुलकी लागलेली. म्हटलं, झोपू दे पाच मिनिटं. सरळ रेघ येत होती, यायलाच हवी.

आणि पेन हललं.

आधी वाटलं पंख्यामुळे. पंखा बंद केला. मग वाटलं वायर सैल आहे. हातानं घट्ट धरून ठेवली. पेन थांबेना. लाट... खाली-वर, खाली-वर, आणि दर चार पावलांनी एक बारीकसा थांबा. आई उताणी झोपलेली, पाय सरळ, चादरही हलत नाही. आणि कागदावर कुणीतरी चालतंय! मी गादीखालची पट्टी काढून शेजारी धरली. दोन्ही कागद उजेडात धरून एकावर एक सरकवत बघितले, जुळू नयेत असंच वाटत होतं. पण जुळले. थांबेसुद्धा जुळले.

किती वेळ गेला कोण जाणे. आईनं डोळे उघडले, छताकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थांबलं की रुततं गं." आणि उठून बसली. पाय खाली सोडले. मी वॉकर आणायला धावले, तोवर ती उभी होती. आधी बोटं पुढे सरकवली, चाचपलं, मग पाऊल. मी वायर हातात धरून तिच्या मागे मागे, रडत रडत... ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

हिरूबाईचं नाव मी आईसमोर कधी काढलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

पुढच्या मंगळवारी हिरूबाई आली नाही. मी पेढे घेऊन कोलशेतला गेले. जना दारातच भेटली. "बाई, आमची म्हातारी बसली वो. शनवारी दुपारी खारीत गेली व्हती. चिखलान मधीच उभी रायली. म्हने पाय कसा काढाचा तेच ईसरली! फल्या टाकून ओढली पोरांनी."

"शनिवारी किती वाजता?" मी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला ते कळलं होतं.

आत हिरूबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवी टाच सारखी चोळत होती. जना म्हणाली, "टाच दुकतं म्हनतं. जन्मात कदी टाच दुकली नाय तिची."

मला बघून म्हातारी हसली. "तुजी आय चालली गो?"

"चालली."

"बरा झाला." मग, जसं कुणी वाटी परत मागावी तसं म्हणाली, "आता आन परत."

"आणते," मी म्हटलं. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला आणि निघाले. बसमध्ये बसले, आणि मला माहीत होतं की मी आणणार नाही.

पट्टी परत नेऊन दिली असती तर काही झालं असतं का? कागदाचा तुकडा तो! पण गादीखालून काढायलासुद्धा माझा हात धजावेना. कोलशेतला मी परत पाऊल टाकलं नाही. पावसाळा संपता संपता जनाचा नवरा दवाखान्यात येऊन सांगून गेला की म्हातारी गेली. शेवटपर्यंत उठली नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि त्याच संध्याकाळी आई भाजी घेऊन जिना चढून आली तेव्हा मला बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितेय.

आई पुढे पाच वर्षं चालली. पण टाचेचा आवाज काही परत आला नाही. एकदा साठेकाका जिन्यात भेटले, विचारू लागले, "वहिनी गावाला गेल्यात का हो? वर काही वाजत नाही हल्ली." शेवटच्या आजारपणाआधी एकदा खिडकीत बसून ती आपल्या पायांकडे बघत होती. म्हणाली, "ही माझी चाल नाही गं. कुणाची आहे?"

"तुझीच आहे, आई," मी म्हटलं.

हिरूबाईची आणि त्या शनिवारची, दोन्ही पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत, कागद पिवळा पडलाय, रेघ पुसट झालीय. वायरचा दोष, योगायोग, म्हातारपण, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं... सगळं स्वतःला सांगून झालंय. तुम्हीही सांगा, वाईट वाटणार नाही. मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही.

एवढं मात्र पक्कं माहीत आहे. आईला खरं सांगितलं असतं, तर तिनं त्याच संध्याकाळी ती चाल परत नेऊन दिली असती. म्हणून मी सांगितलं नाही.