दोन कॅन आणि एक काचेची बाटली

कॅल्शियम क्लोराईड पाण्यात विरघळताना कॅन हाताला गरम लागतो. त्या सकाळी तो बाजूला ठेवून मी दुसऱ्या कॅनमध्ये सोडा विरघळवला. आठवडाभर माझ्या समुद्री प्रवाळाच्या काचेच्या टाकीतल्या पाण्याची क्षारता घसरत होती आणि प्रवाळाची टोकं पांढरी पडली होती. तीन वर्षं जपलेलं प्रवाळ डोळ्यांदेखत मरणार, या भीतीने मला जेवण जात नव्हतं. दिवसभर थोडं थोडं औषध देणं भाग होतं, आणि मला तर तलासरीला शाळेत शिकवायला जायचं होतं.

म्हणून नरपडला घरी असलेल्या बाबांना बजावलं, "अकराला सोडा, दोनला कॅल्शियम. एकत्र करू नका." का, ते सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा, हुकूम सोडायचा आणि निघायचं. बाबांचा जन्म चिकूच्या वाडीत गेलेला. दोन औषधं फवारणीच्या एकाच पंपात घालून मारली की एक फेरी वाचते, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं.

अकराला फोन आला. "अगं, दोन्ही औषधं एकत्र केली, तर दूध झालं बघ."

दोन्ही मिसळली की पांढरा चुना साकळतो आणि प्रवाळावर बसतो. माझं डोकंच फिरलं. "साधं सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला? मारलंत ना माझं प्रवाळ!" शिक्षकांच्या खोलीत सगळे वळून बघायला लागले. पलीकडून फोन बंद झाला. परत लावला तर उचलेनात.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. जीप दर फाट्यावर माणसं घेत थांबत होती आणि माझा जीव टांगणीला. पांढरी पुटं बसलेलं प्रवाळ डोळ्यांपुढून हलेना. डहाणूहून रिक्षा केली, त्या रिक्षावाल्यावरही विनाकारण खेकसले.

बाबा टाकीसमोर स्टुलावर बसले होते. पाणी स्वच्छ होतं. त्यांच्या हातात काचेची छोटी बाटली होती, तिच्या तळाशी पांढरा गाळ.

"वाडीत मारायच्या आधी थोडं बाटलीत करून बघतो आम्ही. औषध फुटून गाळ बसला तर झाडाला लावत नाही," ते टाकीकडे बघतच म्हणाले. "आत थेंबसुद्धा घातला नाही."

तेच सांगायला त्यांनी फोन केला होता.

"आणि अकराचा सोडा?"

"तू एवढी ओरडलीस. म्हटलं, आणखी काही चुकायला नको. हात बांधून बसलो."

एक वाजून गेला होता. प्रवाळाचा डोस चुकला होता तो माझ्या तोंडामुळे. मला लाज वाटली. सोड्याचं माप भरून मी त्यांच्या हातात दिलं. "बाबा, तुम्हीच घाला."

त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. पन्नास वर्षं वाडीत फवारणी केलेल्या त्या हातांनी सोडा थेंब थेंब टाकीत सोडला.