उजव्या कोपऱ्यातली खुंटी

दुपारची भाकर खाऊन झाली की श्रावण मांडवगडे आपल्या सुतारकामाच्या दुकानातच, भुशाचं पोतं उशाशी घेऊन आडवा होतो. आजही होतो. पंखा वर गरगरतो आहे, वारा मात्र खालपर्यंत पोचत नाही. झोपही धड येत नाही. येतं ते नुसतं जडपण, गुडघ्यांतून हळूहळू वर सरकणारं. त्याच्या मुठीत ड्रिलच्या मोडलेल्या बिटाचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा समोरच्या सागाच्या चौकटीत, उंबऱ्याच्या सांध्यात, दोन बोटं खोल अडकून बसला आहे.

चौकट दुर्गाच्या नव्या घराची. दुर्गा म्हणजे दौलत वरोकारची पोरगी, आणि दौलत म्हणजे परतवाड्यातल्या याच दुकानातला श्रावणचा एकतीस वर्षांचा भागीदार. गेल्या वैशाखात गेला. जाताना दवाखान्याच्या खाटेवर त्यानं एकच मागणं मागितलं होतं, पोरीच्या घराची चौकट श्रावणच्या हातची पाहिजे. उद्या सकाळी नऊला ती उभी करायचा मुहूर्त आहे, आणि आज खुंटीचं भोक पाडताना घाई नडली. अधूनमधून बिट मागे घेऊन भुसा बाहेर काढायचा असतो, हे कालचा शिकाऊही सांगेल. एकसष्ट वर्षांच्या श्रावणनं घेतलं नाही. हात दुखत होता, एकदाचं संपवावं असं वाटत होतं. कट्‌ असा आवाज झाला आणि खरंच संपलं.

पक्कड आत पोचत नाही. छिन्नीनं उकरावं तर सांधाच नासेल. एकच उपाय उरतो. खुंटी निम्मी कापायची, वरून ठोकायची, रंधा फिरवायचा. कोणाच्या बापाला कळणार नाही, आणि दुर्गाचा बाप तर आता विचारायलाही येणार नाही. पण हाच दौलत आयुष्यभर बजावत आला होता की मोडकं लोखंड चौकटीत ठेवायचं नाही, ते घराला लागतं. माणूसही तसाच देवभोळा. रोज दुकान उघडताना वाकून उंबऱ्याच्या उजव्या कोपऱ्याला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. सगळी आळी त्याच्या भक्तीचे गोडवे गायची. तो गेल्यापासून श्रावणही त्याच कोपऱ्याला हात लावतो. देवापेक्षा दौलतसाठीच लावतो, पण हे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही.

पापणीला पापणी लागते न लागते तोच दारात कोणीतरी छत्री झटकतं. बाहेर रखरखीत ऊन आहे, तरी छत्रीतून पाणी गळतं आहे.

"झोपून रायला का बे?" दौलत विचारतो.

कानावर पेन्सिल, अंगात तीच भोकं पडलेली बंडी. श्रावण घाबरत नाही. घाबरायलाही अंगात थोडी ताकद लागते. दौलत आज कसा काय आला, एवढंसुद्धा त्याला विचारावंसं वाटत नाही.

"थकलो," तो म्हणतो. "तुह्या पोरीची चौकट दिली का दुकान बंद करतो."

दौलत चौकटीजवळ उकिडवा बसतो, एक डोळा मिटून भोकात पाहतो. मोडलं का, असं विचारतो. मोडलं, असं श्रावण सांगतो.

"मंग? अर्धी खुंटी ठोकतं?"

श्रावणला लाज वाटते. तरी जागेपणी जे बोलला नसता ते तो बोलून जातो, की थकल्या माणसानं आणखी काय करावं आणि आत पाहायला येतं कोण. आता चौकट आडवी नाही. ती नदीच्या पात्रात उभी आहे आणि दोघं तिच्या उंबऱ्यावर बसून पाण्यात पाय सोडून आहेत. पाणी थंड आहे. कुठूनतरी आरा मशीनची घरघर ऐकू येते आहे.

"मी रोज वाकत होतो ना, आपल्या दुकानाच्या उंबऱ्याले," दौलत पाण्याकडे पाहत म्हणतो. "तो काय नमस्कार होता?"

"नाई त काय?"

"खुंटी वरतं त नाई आली, ते अंगठ्यानं पाहत होतो. अर्धीच आहे ते. खाली माहं बिट मोडून पडलं आहे."

श्रावण त्याच्याकडे बघतच राहतो. एकतीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि हा माणूस रोज सकाळी आपल्या डोळ्यांदेखत चोरी तपासत होता. राग येतो, पण तोही दमलेलाच. सांगितलं का नाहीस, एवढंच तो विचारतो.

"पयलाच दिवस होता दुकानाचा. तू म्हणला असता, असल्या हाताच्या माणसासंगं भागी नको." दौलत पाय हलवतो, पाण्यावर गोल वलयं उमटतात. "मंग उद्या सांगतो, उद्या सांगतो, असं करत रायलो. दवाखान्यात बी तोंडावर आलं होतं. तू मोसंबी सोलत होता. कसं सांगू?"

पाणी नाहीसं झालेलं आहे. दवाखान्याचा लांब वऱ्हांडा आहे, खाटांच्या जागी सागाच्या फळ्या रचलेल्या आहेत आणि एका फळीवर दौलत छत्रीचं कापड काड्यांपासून सोडवत बसला आहे. ही कशाला टांगून ठेवलीस, असं तो कुरकुरतो. तुझी म्हणून ठेवली, असं श्रावण सांगतो.

"हिची लोखंडी दांडी पोकळ आहे. टोकाले कानशीनं दाते पाड अन् मोडक्या बिटाच्या भोवतालून फिरव. लाकडासगट निंघून येते. मंग त्यात जाड खुंटी ठोक, पुरी."

"तुले ठाऊक होतं त आपल्या उंबऱ्यातलं काऊन नाई काढलं?"

"काढाले बसलो असतो त तू पाहालं असतं ना."

दोघंही हसतात. हसता हसता दौलतचा चेहरा दुर्गासारखा दिसायला लागतो, तीच हनुवटी, तीच खळी. तो उठतो. फळ्यांच्या पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारतं आहे.

"दुर्गी वाकली त नुसती नमस्काराले वाकली पायजे," तो जाता जाता म्हणतो. "माह्यासारखी नाई."

श्रावणचे डोळे उघडतात. लाइट गेली आहे, पंखा थांबला आहे, बंडी पाठीला चिकटली आहे. छत्री भिंतीवरच्या खिळ्याला आहे तिथंच आहे, कोरडी, धुळीनं माखलेली. स्वप्नंच ती, असं स्वतःला समजावत तो तरीही उठतो आणि दाराशी जाऊन खाली बसतो. गुडघे कुरकुरतात.

वर्षभर त्यानं या कोपऱ्याला नुसती बोटं टेकवली होती. आज तो अंगठा दाबतो. खुंटी किंचित हलते. डोकं काळंभोर, गुळगुळीत, एकतीस वर्षं रोज कोणीतरी चोळल्यावर होतं तसं. टोच्यानं कडेनं उचकली तर सहज हातात येते. निम्मीच आहे. भोकाच्या तळाशी गंजलेल्या लोखंडाचं टोक उन्हात तांबूस दिसतं.

श्रावण आधी दौलतला एक सणसणीत शिवी घालतो. मग उंबऱ्यावर बसून रडतो. दौलत गेला त्या दिवशी दुर्गाला धीर द्यायचा होता, तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. समोरून सायकलवर चाललेला भंगारवाला, काय झालं काका, असं विचारतो. डोळ्यात भुसा गेला, असं श्रावण त्याला सांगतो.

अर्धी खुंटी तो बंडीच्या खिशात टाकतो, खिळ्यावरची छत्री उतरवतो आणि कानस शोधायला लागतो.